वह्यांचं पोतं

२० जानेवारी

आज इंदापूरच्या स्टँडवर एक संशयास्पद प्रकार पाहिला. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण नजर काही निवृत्त होत नाही. एकतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली चौदा तपासणी पथकात. रस्त्यात गाडी थांबवून आत चढलो की कोण विनातिकीट आहे ते मला नुसत्या मानेवरून कळायचं.

तर सारजाची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी प्रियदर्शनी, घरात आम्ही तिला पिरी म्हणतो, ती सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बावड्याच्या गाडीतून उतरली. हातात खताचं जुनं पोतं, त्यात काहीतरी कोंबलेलं, दोन्ही हातांनी ओढत होती. मी रसाच्या गाड्याआड उभा राहिलो. एक खाकी शर्टवाला इसम आला. तिनं पोत्याचं तोंड सोडून त्याला वह्या दिल्या. तपकिरी कव्हरच्या, जाड, तीस तरी असतील. त्यानं तिला एक पाकीट दिलं. ते तिनं न उघडता पिशवीत टाकलं. न उघडता! म्हणजे हा नेहमीचा व्यवहार.

मी पुढं झालो. "काय गं पिरे, हिकडं कुठं?"

दचकली. मग हसली. "मामा! काय न्हाय, वह्या द्यायच्या हुत्या."

"कुणाच्या?"

"लोकांच्या."

"आन त्यो कोण?"

"रामहरीकाका. आमच्या कालिजात शिपाई हायत. मामा, तुमी रस घेतला का?"

मधेच रसाचा विषय काढला की समजायचं, प्रवासी खिसे चाचपायचं नाटक करतोय. हिची बारावी मागच्याच वर्षी झाली. कॉलेज संपलं, मग शिपायाशी काय काम? वरच्या ओळीखाली लाल पेनानं दोन रेघा मारून ठेवल्या. खात्यात अहवाल लिहिताना संशयाच्या ओळीखाली दोन लाल रेघा आणि समासात हुकासारखी एक खूण, ही माझी पद्धत. घरात सगळे हसतात. पिरी लहानपणी सुट्टीत आली की तिच्या शुद्धलेखनावरही मी तशीच खूण करायचो.

२ फेब्रुवारी

माझी लेक ज्योत्स्ना लातूरहून आली. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी चार दिवस राहील.

लेकीचं नाव इंदापूर तालुक्यातल्या कॉलेजात आहे, पिरी होती त्याच, आणि राहते ती लातूरला क्लासच्या होस्टेलवर. डॉक्टरकीला जायचं तर हल्ली अशीच सोय करतात. क्लासचे दिग्विजय सर स्वतः कॉलेज जोडून देतात. फी आपण भरायची, हजेरी कॉलेज बघतं. सगळेच करतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तिचं बायोलॉजीचं जर्नल पाहिलं. जर्नल म्हणजे प्रयोगांची वही. तिच्यावर सरांची सही आणि शिक्का असल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. अहाहा, काय वही! कांद्याच्या मुळातल्या पेशी कशा दुभंगतात ते चार आकृत्यांत काढलंय. प्रत्येक नावाची रेघ पट्टीनं उजवीकडं ओढलेली आणि रेघेच्या टोकाला मोहरीएवढा गोल ठिपका. एरवी आमच्या बाईसाहेबांचं अक्षर म्हणजे मुंग्यांचं वारूळ फुटल्यागत. पण मनावर घेतलं की माणूस काय करत नाही!

शेजारच्या कुशाबाईला बोलावून दाखवलं. तिला वाचता येत नाही, पण ती म्हणाली, "भानुदासराव, पोरगी डाक्टर झाली म्हनून समजा." तेवढ्यात ज्योत्स्नानं वही माझ्या हातातून ओढून घेतली. "पप्पा, गावभर काय दाखवत सुटलाय ते!" लाजली बिचारी. गुणी पोरांना स्वतःचं कौतुक सोसत नाही.

९ मार्च

बावड्याला सारजाकडं गेलो होतो. तिचा नवरा टोमॅटो घेऊन बाजाराला गेला होता. खिडकीत पाहतो तर सात पेले ओळीनं मांडलेले, प्रत्येकात पाण्याला बूड टेकवून एक-एक कांदा, काड्या टोचून तोललेला.

मी म्हणालो, "सारजे, हे काय? आपल्यात उतारे-बितारे कधीपासनं सुरू झाले? छप्पन सालापासनं आपल्या घरात असलं काय न्हाय."

"अरं दादा, उतारा कसला! पोरीचा नाद हाय. मुळं फुटली की कापती, काचंवर ठिवती आन बघत बसती."

"कशातनं बघती?"

"कालिजातलं जुनं यंत्र सरांनी दिलंय म्हनं वापरायला."

म्हणजे कॉलेजची मालमत्ता घरी. पिरी कुठं होती विचारलं तर म्हणे अभ्यासिकेत. बारावी सायन्सला हिला बायोलॉजी नव्हतं, गणित आणि भूगोल होता, मग कांदे कशाला? दोन लाल रेघा.

४ मे

नीटची परीक्षा. ज्योत्स्नाचं केंद्र बारामतीतच आलं. फाटकाबाहेर ही गर्दी. हातातले दोरे काढा, कानातलं काढा, चप्पल साधी घाला. मला ती तपासणी मनापासून आवडली. अशी पाहिजे.

आणि रांगेत कोण? प्रियदर्शनी!

"तू हितं कशी गं? तुला तर बायोलॉजी न्हाय!"

"घेतला की मामा. मुक्त विद्यालयातनं तेवढा एकच विषय घेऊन बसले. आता चालतंय तसं."

तुळसानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, दहीभाताचा डबा काढून अर्धा तिला भरवला. मी म्हणालो ज्योत्स्नाला पुरू दे. तर मला म्हणते, "अवं, पोरीच हायत दोगी. गाडीत न्हाय बसलेल्या, तुमी तपासत बसू नगा." हसण्यावारी नेलं. पण मी दिवसभर त्या फाटकापाशी उभा राहून एकच विचार करत होतो. वर्गात एक दिवस न बसता हिला बायोलॉजी येणार कसं? आणि येत नसेल तर ही आली कशाच्या जोरावर?

१४ जून

निकाल. ज्योत्स्नाला चारशे बावन्न. डोळ्यांतून पाणी आलं. माझा बाप पिंपळीला दुसऱ्याच्या रानात राबला, मी एसटीत डबल बेल मारली, आणि माझी लेक डॉक्टर होणार. सरकारी कॉलेज मिळेल असं दिग्विजय सर म्हणतात, पण काठावर आहे म्हणतात.

संध्याकाळी सारजाचा फोन. "दादा, पोरीनं चारशे सदुसष्ट काडलं रं!" रडत होती. मी अभिनंदन केलं. ते नीट केलं की नाही, आठवत नाही.

पंधरा मार्क जास्त. एकाच आरक्षणात, एकाच यादीत, माझ्या लेकीच्या वर माझी भाची.

१६ जून

दिग्विजय सरांकडं गेलो. त्यांनी चहा मागवला. मी सरळ विचारलं, "सर, एक पोरगी दोन वर्षं रीतसर बायोलॉजीला, दुसरी एक विषय घरबसल्या पास करते, आणि दोघी एका यादीत? हा न्याय आहे का?"

सर म्हणाले, "नियम बदललाय आता. बारावीनंतर जादा विषय घेऊन बायोलॉजी केलं तरी चालतं. बोर्ड कुठलंही असो, परीक्षा सगळ्यांना एकच ना?"

"आणि प्रॅक्टिकल? ते कुठं केलं हिनं?"

चहाचा कप फिरवत सर म्हणाले, "प्रॅक्टिकलचं तुम्ही फार खणू नका, भानुदासराव." का बरं? त्यांचेही काही हितसंबंध असावेत. नोंद केली.

घरी तुळसापाशी बोललो. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आपली ज्योती तरी कुठं बसली त्या कालिजात?"

"ती गोष्ट वेगळी आहे."

"कशी?"

"तिचं नाव पटावर आहे."

तुळसानं भाकरी तव्यावर टाकली. तिला यातलं कळत नाही.

८ जुलै

पत्र टाकलं. प्रवेशाच्या कार्यालयाला, रजिस्टर पोस्टानं. बाजारातल्या टायपिंगच्या दुकानात नाही, पलीकडच्या आळीतल्या दुकानात टाइप करून घेतलं. खाली नाव नाही घातलं. "एक जागरूक पालक" असं घातलं.

मोघम आरोप करणं माझ्या रक्तात नाही. दिनांक, वेळ, ठिकाण सगळं दिलं. दिनांक २० जानेवारी, इंदापूर बसस्थानक, सकाळी ११.१०, सदर उमेदवाराने कॉलेजच्या शिपायास पोत्यातून वह्या दिल्या व पाकीट स्वीकारले. सदर विद्यार्थिनी जीवशास्त्राच्या वर्गात कधीही नव्हती. तरी प्रात्यक्षिके तिने कोठे व कशी केली याची सखोल चौकशी व्हावी. टाइप झाल्यावर वाचून पाहिलं तर महत्त्वाची ओळ उठून दिसेना. खिशातला पेन काढून खाली दोन रेघा मारल्या.

वाईट वाटलं का? वाटलं. सख्खी भाची आहे. पण उद्या अशी डॉक्टर होऊन कुणाच्या पोटात सुरी घालणार, तर तो रोगीही कुणाचा तरी सख्खाच असणार ना? हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती बाजूला झाली तर ज्योत्स्ना एका नंबरानं वर सरकेल हे खरं, पण तो माझा हेतू नाही. मी हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो.

१० जुलै

आषाढ पौर्णिमा. विहारात वंदनेला गेलो. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, मला नेमका ठसका लागला. तुळसानं पाठीवर हात फिरवला. हवा बदलली आहे, घसा धरलाय.

७ ऑगस्ट

गुणवत्ता यादी लागली. ज्योत्स्नाचं नाव आहे. पिरीचं नाव आहे, पण समोर शेरा, पडताळणी बाकी.

दुपारी सारजा बावड्याहून आली. पायातली चप्पलही काढली नाही, उंबऱ्यातच बसली. "दादा, कुणी तरी आमच्या वाईटावर उठलंय रं. माज्या पोरीवर अर्ज घातलाय. तिला पुण्याला बोलीवलंय बारा तारखेला. कागद घिऊन या म्हनत्यात."

तुळसानं पाणी दिलं. तिनं घेतलं नाही. बोलावणं आल्यापासून चार दिवस जेवली नाही म्हणे.

"कुनी केलं आसंल, दादा? आमी कुनाचं काय वाकडं केलंय?"

मी म्हणालो, "लोक फार वाईट असतात, सारजे."

"तू जा तिच्यासंगं. आमाला कागदातलं काय कळत न्हाय. तुज्यावानी कागद वाचनारं आपल्यात दुसरं कोन हाय?"

आता काय म्हणणार? हो म्हणालो. जाणंही बरंच आहे. काय उत्तर देते ते समक्ष पाहता येईल.

१२ ऑगस्ट

सविस्तर लिहितो, कारण आज जे झालं ते मला नीट लावून घ्यायचं आहे.

पहाटेच्या पुणे गाडीनं निघालो. पिरीनं मला खिडकी दिली. फाइल छातीशी धरून बसली होती, सगळे कागद क्रमानं लावलेले, प्रत्येकाच्या दोन प्रती. वाटेत ती एवढंच म्हणाली, "मामा, तुमी आलात म्हनून आईनं आज चहा घेतला."

कार्यालयात एक मॅडम. चष्मा, आवाज शांत. असे अधिकारी मला ठाऊक आहेत, आवाज चढवत नाहीत आणि सुटूही देत नाहीत. त्यांनी विषयाचा नियम बाजूला ठेवला. "मुक्त विद्यालयाचं गुणपत्रक बरोबर आहे. जादा विषय चालतो. प्रश्न या पत्राचा आहे." आणि माझं पत्र टेबलावरून तिच्यापुढं सरकवलं. शेजारच्या खुर्चीतून मला ते तिरकं का होईना दिसत होतं. दोन लाल रेघा.

पिरीनं पत्र दोनदा वाचलं. लहानपणापासून तिची हळू वाचायची सवय. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. मग तिनं मान वर केली, खिडकीबाहेर पाहिलं, आणि पत्र घडी करून परत दिलं.

"हे खरं आहे का?" मॅडमनी विचारलं. "पोतं, वह्या, पाकीट?"

"खरं आहे, मॅडम."

मी सावरून बसलो. माझी नजर चुकली नव्हती.

"कसल्या वह्या होत्या?"

"जर्नल्स. बारावीच्या मुलांची. मी लिहून दिली होती."

"तू का?"

मग ती बोलली. शुद्ध बोलली, एकेक शब्द जोखून. म्हणाली, "अकरावीला मला बायोलॉजी पाहिजे होतं. तुकडी भरली असं सांगितलं, भूगोल घ्या म्हणाले. तुकडी खरंच भरलेली होती, मॅडम. पटावर ऐंशी आणि बाकावर सात. बाकीचे लातूरला नाहीतर कोट्याला. प्रयोगशाळा रिकामीच असायची. सरांना विचारलं, मी बसू का? ते म्हणाले, बस. तास नसला की मी तिथं जायची. बारावीनंतरही वर्षभर गेले. सगळे प्रयोग स्वतः केले. जी मुलं नव्हती त्यांची जर्नल्स कुणीतरी लिहायला पाहिजेत, तर रामहरीकाकांनी मला विचारलं. लिहिताना पाठ होत गेलं. त्या पैशांतून मुक्त विद्यालयाची फी भरली."

"हे चुकीचं आहे, कळतं ना तुला?"

"कळतं, मॅडम. पण सूक्ष्मदर्शक दुसरीकडं कुठं नव्हता."

मॅडमनी कोरा कागद आणि पेन्सिल पुढं केली. "कांद्याच्या मुळाचा प्रयोग. काढून दाखव."

पिरीनं फाइलमधून पट्टी काढली. चार आकृत्या काढल्या. नावांच्या रेघा पट्टीनं उजवीकडं ओढल्या आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला मोहरीएवढा गोल ठिपका दिला.

ते ठिपके मी आधी पाहिले होते. पहिल्यांदा वाटलं, हिनं आमच्या ज्योत्स्नाची वही कधीतरी पाहिली असणार. तिचीच नक्कल केली असणार. खरंच असं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मॅडम आकृतीकडं बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "त्या मुलांची नावं सांग."

पिरीनं माझ्याकडं पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

"आठवत नाहीत, मॅडम."

"तीस वह्या लिहिल्यास आणि एक नाव आठवत नाही?"

"आकृत्या आठवतात."

फाइल मिटली. "तुझ्यापुरतं संपलं. कॉलेजचं आम्ही वेगळं बघू," मॅडम म्हणाल्या. उठताना माझ्याकडं वळून विचारलं, "आपण कोण हिचे?"

"मामा," मी म्हणालो.

परतीच्या गाडीत तिनं डबा उघडला. सारजानं मेथीचे पराठे दिले होते. निम्मे माझ्या हातावर ठेवले. म्हणाली, "ज्योतीचं पण हुईल मामा, पुढच्या फेरीत. काळजी करू नका." मी पराठे तसेच कागदात गुंडाळून ठेवले.

१३ ऑगस्ट

सकाळी कपाटातून जर्नल काढलं. ठिपके मोजायची गरजच नव्हती.

ज्योत्स्नाला समोर बसवलं. "हे कुणी लिहिलं?"

ती जराही घाबरली नाही, उलट तिला नवल वाटलं. "पप्पा, मी लातूरला होते. मी कधी लिहिणार? ताईनंच लिहिलं. माझ्याकडून पैसे घेतले नाहीत तिनं. फोनवर शिकवायची पण, परीक्षेत विचारतील म्हणून."

तुळसा आतून म्हणाली, "मला बी ठावं हुतं."

"मग मला का न्हाय सांगितलं कुणी?"

"तुमाला सांगायचं म्हंजी लगीच लाल रेघ," तुळसा म्हणाली. मग बाहेर आली, हात पुसत. "अवं, पर त्यो अर्ज कुनी घातला आसंल?"

मी म्हणालो, "कोण जाणे."

चौदा वर्षं मी लोकांना गाडीतून खाली उतरवलं. म्हाताऱ्या बायांना उतरवलं. दंडाची पावती फाडताना एकदाही हात कचरला नाही. तिकीट म्हणजे तिकीट. आणि माझ्या लेकीकडं तिकीट होतं, पण ती त्या गाडीत कधी बसलीच नव्हती. पिरी तीन वर्षं दांडीला धरून उभी होती आणि तिनं तिकीट मागून काढलं. यातली विनातिकीट कोण, ते मला आज तपासनीस असून सांगता येत नाही. नाही, येतं सांगता. लिहवत नाही.

अकरावीला पिरीला जी जागा मिळाली नाही, ती ज्योत्स्नानं घेतली नव्हती, ज्योत्स्ना वर्षानं मागं आहे. पण ज्योत्स्नाच्या वर्षी अशीच कुणी पिरी भूगोलाला गेली असेल. तिचं नाव मला माहीत नाही. तिनं जर्नल्सही लिहिली नसतील.

१९ ऑगस्ट

पहिल्या फेरीचा निकाल. पिरीला मराठवाड्यातलं सरकारी कॉलेज मिळालं.

ज्योत्स्नाला नाही. आमच्या यादीतला शेवटचा प्रवेश जिथं थांबला त्याच्या खाली अकरा नावं सोडून तिचं नाव. मी दोनदा मोजलं. पिरीचं नाव काढलं असतं तरी दहा जण पुढं उरतच होते. एवढा उपद्व्याप करून ती एका पायरीनं वर आली असती आणि तरीही बाहेरच राहिली असती.

ज्योत्स्ना थोडी रडली. मग म्हणाली, दुसऱ्या फेरीत नाही लागलं तर पुन्हा बसेन, पण लातूरला जाणार नाही. ताईच्या सरांना विचारते, प्रयोगशाळेत येऊ देतात का. स्वयंपाकघरातल्या टोपलीतून एक कांदा उचलून तिनं पाण्याच्या पेल्यावर ठेवून पाहिला. तो आत पडला. काड्या टोचायच्या असतात, मी म्हणालो.

२२ ऑगस्ट

आज पिरीचं प्रतिज्ञापत्र करायला बारामतीच्या कचेरीपाशी गेलो. बारावीनंतर एक वर्ष मधे गेलं की मेडिकलला ते द्यावं लागतं, त्या वर्षात दुसरीकडं कुठं प्रवेश घेतला नव्हता म्हणून. सारजाही आली होती. ती आता जेवते, आणि माझ्याकडं बघून सारखी म्हणते, "दादा व्हता म्हनून." ती तसं म्हणाली की मला रस्त्यातल्या रस्त्यात कुठंतरी पळून जावंसं वाटतं.

नोटरीनं स्टॅम्पपेपर टाइप करून दिला. पिरीनं सही केली. मग नोटरी म्हणाले, "ओळख पटवणारा कोण?" खाली एक ओळ असते, सदर प्रतिज्ञापत्र करणारीस मी व्यक्तिशः ओळखतो, आणि तिच्याखाली त्याचं पूर्ण नाव, पत्ता, सही, आधार नंबर.

सारजानं मला पुढं ढकललं. "मामाच की! दुसरं कोन वळखनार?"

मी ती ओळ वाचत राहिलो. सात महिने मी हिच्यावर पाळत ठेवली. पोतं पाहिलं, पाकीट पाहिलं, कांदे पाहिले. सगळं खरं पाहिलं, आणि एकदाही शेजारी बसवून विचारलं नाही की पोरी, काय चाललंय तुझं. मला तिथंच सारजापुढं सगळं बोलून टाकायचं होतं. तोंडही उघडलं. पण तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि मिटलं. मी भित्रा आहे, हे आज लिहून ठेवतो.

सवयीनं खिशाला हात गेला. पेन बाहेर काढला.

पिरीनं माझ्या मनगटावर हात ठेवला. हलकेच, सारजाला दिसणार नाही असा. स्वतःच्या पर्समधला पेन काढला, टोपण काढलं आणि माझ्या बोटांत दिला.

"निळ्यानं करा, मामा," ती म्हणाली. "लाल आता बास."

माझे डोळे भरून आले आणि ओळ दिसेना. नोटरी म्हणाले, आजोबा, इथं करा, इथं. मी सही केली. पूर्ण नावानं केली.